वाढत्या पायाचं माप

सोमवारी सकाळी भिंगरी बूटवाल्या काकांच्या दुकानात शिरली तेव्हा काका जागेवर नव्हते. पाटावर, आरी आणि मेणाच्या दोऱ्याच्या गुंड्याशेजारी, जोडा मात्र तयार दिसत होता. तिनं तो उचलला, दारातल्या उजेडात धरला आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. हुबेहूब! तीच खरखरीत बाजू बाहेर, तीच वर आलेली जाड शिवण, टाचेला तीच मोकळी फट. म्युझियमच्या काचेतला तीन हजार वर्षांपूर्वीचा जोडा आणि हा, दोन्ही शेजारी ठेवले असते तर फक्त रंगावरून फरक कळला असता.

काका चहाचा पेला घेऊन मागच्या खोलीतून आले. साठी उलटलेला, बारीक चणीचा माणूस. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि पायाकडे जास्त बघायची त्यांची सवय.

"काका, कमाल केलीत हो! मी आत्ताच घेऊन जाते."

"न्याल की. पण आधी पुरा तर होऊ दे. अर्धाच आहे अजून."

"अर्धा? मला तर अगदी पुरा दिसतोय."

काकांनी पेला खाली ठेवला. भिजवलेली कणीक बघूनच कुणी हात धुऊन जेवायला बसलं, तर त्याच्याकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघायला लागले.

"ताई, हा उलटा आहे. असे जोडे उलटेच शिवतात. शिवून झाला की पाण्यात भिजवायचा, आणि टाचेच्या या फटीतून आतली बाजू बाहेर काढायची. पिशवी उलटवतो ना, तशी. म्हणजे शिवण आत जाते, तिला चिखलपाणी लागत नाही. मग टाच शिवायची आणि द्यायचा पायात. माझ्या आज्याच्या हातून असे किती गेले असतील त्याची गणती नाही."

"पण मी फोटो दिला होता ना? फोटोत असाच…"

"फोटोतला पण अर्धाच आहे की! मला वाटलं, शिवण कशी आहे ते मला कळावं म्हणून तुम्ही मुद्दाम कामाच्या मधला फोटो दिलात. म्हटलं, हुशार आहेत म्युझियमवाले."

जोडा भिंगरीनं पाटावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून "बरं, बरं" असं दोनदा म्हणाली आणि जोडा न घेताच, छत्रीही विसरून, रस्त्याला लागली.

आता हे नीट सांगायला हवं, कारण तो काचेतला जोडा म्हणजे काही ऐरागैरा जोडा नव्हे. मिठाच्या डोंगरात खाणी खोदणारे कुणी लोक फार जुन्या काळी होऊन गेले. अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे स्वतःला ते काय म्हणवून घेत हेही कुणाला माहीत नाही. त्यांची एकच पुरण्याची जागा आजवर सापडली आणि ती शोधली भिंगरीच्या बाबांनी, चौतीस वर्षांपूर्वी. तिथं मिठात जपून राहिलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, आणि तिच्या पायाशी हा जोडा. मिठानं चामडं लाकडासारखं कडक झालेलं, वाकवायची सोय नाही. बाबांनी बघितलं: खरखरीत बाजू बाहेर, शिवण बाहेर, टाच उघडी, तळ जराही झिजलेला नाही आणि माप मुलीच्या पावलापेक्षा चांगलं दोन बोटं मोठं. झालं! बाबांनी सांगितलं की हा मेलेल्यांचा जोडा आहे. जिवंत माणसाचा सुलटा, मेलेल्याचा उलटा. टाच उघडी, कारण जाणाऱ्याला मागं वळून घराकडे बघता यावं. दोन बोटं मोठा, कारण मेलेली मुलं तिकडेही वाढतच असणार.

म्हणजे बघा, एकेका गोष्टीला कसं चपखल कारण! लोकांना ते आवडलं नसतं तरच नवल. बाबांचं पुस्तक निघालं, नाव झालं. "हे लोक मरणाला भीत नव्हते, ते मरणासाठी आधीच जोडे शिवून ठेवत" हे त्यांचं वाक्य शाळेतल्या मुलांना पाठ असायचं. ज्यांनी ज्यांनी पुढं त्यावर लिहिलं, त्यांनी बाबांचेच फोटो वापरले आणि बाबांचंच म्हणणं पुढं चालवलं. जोडे हातानं शिवणारा माणूस त्या काचेपाशी कधी कुणी नेलाच नाही. आता अशा माणसाला निदान फोटो दाखवला होता तो भिंगरीनं, आणि तोही कशासाठी, तर नव्या दालनात मुलांना पायात घालून बघायला एक नक्कल हवी म्हणून.

नवं दालन शनिवारी उघडायचं होतं. गवताच्या चपला, लाकडी तळाचे खडबडीत जोडे, बर्फातल्या लोकांचे फर लावलेले बूट, माणसानं आपला पाय जमिनीपासून कसा कसा वाचवला त्याची सगळी हकिगत तिथं मांडली होती, आणि मधोमध हा जोडा. एक्याऐंशी वर्षांचे बाबा उद्घाटनाचं भाषण करणार होते. हे त्यांचं शेवटचं भाषण, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले होते.

भिंगरी म्युझियममध्ये वस्तू जपण्याचं काम करायची. वीस वर्षं त्या जोड्यावरची धूळ तिनंच मऊ ब्रशनं झाडली होती. वीस वर्षं! आणि दिसलं काय? बाबांनी सांगितलं तेवढंच. तिला स्वतःची इतकी चीड आली, की तळघरातल्या साठ्याच्या खोलीत जाऊन तिनं खोदकामाच्या जुन्या वह्या धडाधड टेबलावर काढल्या. खुर्ची होती, पण बसवेना. उभ्या उभ्याच पानं उलटत गेली. आणि बाबांच्या त्या तिरक्या, घाईच्या अक्षरात ते सापडलं: 'हाडाची सुई. जोड्याच्या टाचेत, शेवटच्या टाक्याच्या पुढच्या छिद्रात अडकलेली. सोबत तातीचा (आतड्याचा) दोरा, वीतभर. काढून हत्यारांत ठेवली.'

हत्यारांचा खण तिनं उघडला. सुई होती. दोरा वाळून काडी झाला होता, पण अजून सुईच्या नाकात ओवलेलाच होता.

आता शंकेला जागाच उरली नाही. जोडा अर्धवट होता. उलटवायचा राहून गेला होता. मेलेल्यांचा जोडा नावाची वस्तू जगात कधी नव्हतीच. शनिवारी दोनशे माणसांसमोर बाबा उभे राहून जे सांगणार होते, ते सगळं मुळातच चुकलेलं होतं, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाला तर आपल्याला काही विशेष ठाऊक आहे याचाही पत्ता नव्हता.

मंगळवारी ती संचालकांकडे गेली. संचालक चाळिशीचे, चुणचुणीत, सदा हसतमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुईही बघितली, आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"ताई, हे कुणाकुणाला बोललात?"

"कुणालाच नाही."

"छान. मग शनिवारपर्यंत बोलूही नका. भिंतीवरच्या पाट्या छापून झाल्यात. पाहुणे निघालेत. तीन हजार वर्षं थांबलाय तो जोडा, अजून चार दिवस थांबेल की!"

"आणि बाबा? त्यांनी तिथं उभं राहून खोटं सांगायचं?"

"खोटं कसं? त्यांना माहीतच नाही ना. माहीत नसताना सांगितलेलं खोटं नसतं." संचालकांनी तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. "आणि त्या नकलेचं म्हणाल तर, त्या कारागिराला सांगा, अर्धीच ठेवा म्हणावं."

हा निरोप घेऊन भिंगरी दुपारी दुकानात गेली, छत्रीही आणायची होती. काकांनी निरोप ऐकला आणि हातातली आरी पाटात रोवून ठेवली.

"ताई, राग मानू नका. पण अर्धा जोडा मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला पुरा करता आला नाही म्हणतील. पोरांनी घालायचाय ना? उद्या-परवा उलटवतो, टाच शिवतो, न्या."

ती छत्री घेऊन निघाली. काकांचं चूक तरी काय होतं?

बुधवारी सकाळी तिनं ठरवलं, आज सांगून टाकायचंच. चहाच्या वेळी सांगू म्हणाली, तर बाबा आरशासमोर भाषणाची तालीम करत होते. समोर श्रोता म्हणून आत्याला बसवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. भिंगरी अकरा वर्षांची असताना ती या घरात आली आणि मग तिनंच घर सांभाळलं. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढत होती आणि दर पाच मिनिटांनी डोळे न उघडता "वा!" म्हणत होती.

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"थांब, आधी हे ऐक. 'निरोप द्यावा तो असा, तयारीनं.' इथं मी एक क्षण थांबणार. कसं वाटतं?"

"चांगलं वाटतं," भिंगरी म्हणाली. म्हणाली आणि स्वतःचाच राग येऊन उठून उगाच खिडकी लावली, मग उघडली. मग स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

आत्या मागून आली. "काय गं, काय झालंय तुला? परवापासून पायाला चाकं लावल्यासारखी फिरतेयस. नाव भिंगरी म्हणून इतकं?"

भिंगरीनं नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि सगळं सांगितलं. आत्यानं ओट्यावरचा ओला फडका पिळून वाळत घातला.

"सांगायला तर लागेल," ती शेवटी म्हणाली. "पण तुला ठाऊक आहे ना, तो जोडा म्हणजे नुसता जोडा नाही ते? या घराला तो जोडा काय आहे ते मला विचार."

भिंगरीला विचारायची गरज नव्हती. ज्या वर्षी तो जोडा सापडला, त्याच वर्षी तिची आई गेली होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि सहाव्या दिवशी गेली. दारात धुतलेले कपडे वाळत होते, ते ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारणीनं काढून घडी करून दिले. चार महिन्यांनी बाबा खोदकामावरून परतले ते जोड्याचे फोटो घेऊनच. त्यांनी अकरा वर्षांच्या भिंगरीला समोर बसवलं आणि म्हणाले, "या लोकांकडे बघ. मरण आलं तर ते रडत-भेकत बसत नव्हते. जोडे शिवून तयार ठेवत. आपणही तसंच राहायचं." त्या दिवसापासून त्या घरात आईसाठी कुणी रडलं नाही. भिंगरीला रडू यायचं, मग ती बाथरूमची बादली भरायला लावून पाण्याच्या आवाजात रडायची आणि नंतर स्वतःलाच दोष द्यायची. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अडाणी माणसांना जे जमलं, ते आपल्याला का जमू नये? आता ती पंचेचाळीस वर्षांची होती, तरी आईचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जायची.

"म्हणूनच सांगवत नाही गं," ती आत्याला म्हणाली. "ते कोसळले तर?"

"आणि न सांगता तू कोसळलीस तर?" आत्या म्हणाली आणि तिच्या हातून तो चौथ्यांदा घासलेला पेला काढून घेतला.

गुरुवारी भिंगरीनं भ्याडासारखी एक युक्ती काढली. तोंडानं सांगता येत नाही ना, मग डोळ्यांनी दिसू दे. "बाबा, नक्कल कशी होतेय ते बघायला येता का?" म्हणाली. बाबा टोपी घालून पाच मिनिटांत तयार. रस्ताभर त्यांची बडबड चालू होती. दोनदा तिनं "बाबा" म्हणून सुरुवात केली आणि दोनदा "सांभाळून, खड्डा आहे" म्हणून शेवट केला.

काकांनी बाबांच्या आधी त्यांच्या बुटांना नमस्कार केल्यासारखं खाली बघितलं, मग वर.

"बरं झालं आलात साहेब. सूनबाई बाहेरगावी गेलीय आणि उलटवायला दोघं लागतात. चामडं भिजलंय, आत्ताच करायला हवं. धरा टाच."

बाबांना हाताच्या कामाची हौस. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्टुलावर बसून दोन्ही हातांनी टाच धरली. काकांनी चवड्याकडून एक गोल दांडा दाबला. ओलं चामडं करकरलं, अडलं, मग टाचेच्या फटीतून चवडा हळूहळू बाहेर येत गेला. बाबांच्या हातातच जोडा उलटला. म्हणजे सुलटा झाला. खरखरीत बाजू आत गेली आणि बाहेर आलं ते गुळगुळीत, तपकिरी, नीटस चामडं. शिवण कुठं दिसेचना.

"वा!" बाबा म्हणाले. "म्हणजे हा तुम्ही जिवंतांचा करून दाखवलात. जोडीला ठेवायला. छान कल्पना आहे."

"जिवंतांचा नि मेलेल्यांचा असं काही नसतं हो साहेब. जोडा उलटाच शिवतात. तुमचा तो फोटोतला अर्धा राहिलाय, एवढंच."

बाबा हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. त्यांनी टाचेच्या फटीतून बोट घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं.

"असं म्हणता?" ते सावकाश म्हणाले. "मग माप? मुलीच्या पावलापेक्षा दोन बोटं मोठा का, त्याला काय म्हणाल?"

भिंगरीला वाटलं, आता काकांच्या तोंडावर हात ठेवावा. पण काका आपल्याच नादात होते.

"पोरीचा ना? मग वाढत्या पायाचं माप आहे ते. पोराच्या जोड्याला दोन बोटं जागा सोडतातच. पुढं गवत कोंबायचं, पाय वाढेल तसं काढत जायचं. मी माझ्या लेकीला असेच शिवले. ज्या कुणी शिवला ना साहेब, त्याचा हिशोब होता की पोरगी हा अजून दोन हिवाळे तरी घालेल. मरणाऱ्या पोरीसाठी कुणी वाढीचं माप घेईल का?"

बाबांच्या मांडीवर जोड्यातलं पाणी ठिबकत होतं आणि त्यांच्या पँटला डाग पडत होता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी भिंगरीकडे न बघता विचारलं.

"सोमवारपासून."

"आज वार काय?"

"गुरुवार."

"बाबा, वहीत सुईची नोंद पण आहे…" असं ती पुढं म्हणाली, पण ते उठले होते. जोडा पाटावर ठेवून, टोपी तिथंच विसरून ते बाहेर पडले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस इतक्या झपझप चालू शकतो हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं असेल. भिंगरी टोपी घेऊन मागं धावली. कोपऱ्यावर ते वळले आणि म्हणाले, "माझ्या मागं येऊ नकोस. तुला वाटलं मला झेपणार नाही. चार दिवस माझ्यासमोर चहा प्यालीस तू!" त्यांचा आवाज इतका चढला की समोरचा फळवाला वजन करता करता थांबला. मग ते एकटेच गेले आणि ती चांगल्या वीस पावलांचं अंतर ठेवून घरापर्यंत त्यांच्या मागून गेली.

शुक्रवारी खोलीचं दार बंद. आत येरझाऱ्या चाललेल्या ऐकू येत होत्या; भिंतीपर्यंत सात पावलं, परत सात पावलं. बाहेर भिंगरीच्याही तशाच येरझाऱ्या. मध्ये बसून आत्या म्हणाली, "एकाच गिरणीचे दोन पट्टे तुम्ही. निदान एका दिशेनं तरी फिरा." सकाळचं ताट जसंच्या तसं परत आलं, दुपारचं अर्धं. कागद फाडल्याचा आवाज आला. संचालकांचा तीनदा फोन आला. "सर येतायत ना? आणि भाषण तेच ना?" भिंगरी म्हणाली, "मला ठाऊक नाही," आणि तेच खरं होतं. बाबा हट्टी होते. उभ्या जन्मात त्यांनी चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेच भाषण ते ठणकावून करतील, आणि मग मला दरवर्षी, दररोज, त्या काचेसमोर उभं राहून ते खरं आहे असं मुलांना सांगावं लागेल, हे तिच्या मनातून जाईना.

शनिवारी अकराला दालन खचाखच भरलं होतं. शेवटच्या रांगेत पुरा झालेला जोडा घेऊन काकाही बसले होते. बाबा आले ते आत्याबरोबर, वेगळ्या रिक्षानं. भिंगरीशी एक शब्द नाही. ती मागं खांबाला टेकून उभी राहिली. बसायची हिंमत नव्हती. संचालकांनी चार शब्दांत ओळख करून दिली आणि बाबा माइकसमोर आले. खिशातून त्यांनी कागद काढला नाही.

"मी तुम्हाला चौतीस वर्षं चुकीचं सांगत आलो," ते म्हणाले.

लोक हसले. म्हातारा विनयानं बोलतोय असं त्यांना वाटलं. संचालकही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"हसू नका. हा मेलेल्यांचा जोडा नाही. शेवटच्या रांगेत एक कारागीर बसलेत, ज्यांनी मला परवा हे पाच मिनिटांत दाखवलं. मला ते दिसलं नाही, कारण मी कधी जोडा शिवला नाही आणि शिवणाऱ्याला कधी विचारलं नाही. हा चालायचा जोडा आहे. एका मुलीचा. कुणीतरी हिवाळ्याच्या आत शिवायला बसलं होतं. आई असेल. बाप असेल, बाप का नसावा? टाच तेवढी राहिली होती. आणि मुलगी गेली." ते थांबले. "मी म्हणालो, हे लोक तयार होते. कसली तयारी? सुई टाचेत तशीच होती. ती मीच काढली, माझ्याच हातानं, आणि दुसऱ्या खणात ठेवली. दोन बोटं जास्तीची सोडली होती त्या माणसानं. दोन बोटं! दोन हिवाळ्यांची आशा होती ती. पुढचा टाका त्याला घालवला नाही, म्हणून त्यानं अर्धा जोडाच तिच्या पायाशी ठेवला."

आता कुणी हसत नव्हतं. बाबा गर्दीत कुणाला तरी शोधत होते. भिंगरी दिसली तेव्हा ते तिच्याशीच बोलायला लागले. माइक तोंडासमोर आहे हे ते बहुधा विसरले होते.

"त्या वर्षी आपल्या घरातलंही एक माणूस असंच गेलं. मला ते सोसेना. जगात कुणीतरी धीराचं असावं, असं मला फार वाटत होतं, म्हणून मला ते तसे दिसले. मग मी तुला सांगितलं, ते रडत नव्हते. तू अकरा वर्षांची होतीस. मी तुला रडू दिलं नाही." त्यांचा आवाज फाटला. "भिंगरे, ते रडले असतील गं. खूप रडले असतील."

भिंगरीनं तोंडावर हात घट्ट दाबला, पण उपयोग झाला नाही. चौतीस वर्षांचं ते एकदम वर आलं. मोठ्यांदा, लहान मुलासारखी, "आई गं" म्हणून ती रडायला लागली. नळ नव्हता, बादली नव्हती. दोनशे माणसं वळून बघत होती. संचालक लगबगीनं पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे निघाले आणि तिला बाहेर नेण्यासाठी त्यांनी हात पुढं केला.

"राहू दे!" बाबा माइकवरून म्हणाले. "रडू दे तिला."

मग माइक तसाच चालू ठेवून ते पायऱ्या उतरले आणि आत्याचा हात न धरता, माणसांतून वाट काढत तिच्याकडे यायला लागले.